पिंपळाच्या पुढची गल्ली

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या फलकावर एक कागद लागतो. बच्चों के प्री-बोर्ड चल रहे हैं, कृपया शोर न करें. दरवर्षी तोच मजकूर. बहुधा कागदही तोच असावा, कारण त्याच्या चारही कोपऱ्यांना टाचण्यांची जुनी भोकं आहेत. तो लागला की मयूर विहारमधलं आमचं सगळं आवार दबक्या पावलांनी चालायला लागतं. गच्चीवर उन्हाचा एखादा तुकडा पडलाच तर त्यात मुलं गाइड घेऊन येरझारा घालतात, आया रात्री बदाम भिजत टाकतात, खालच्या मजल्यावरचे टीव्ही मुके होतात. बाकीच्यांना परीक्षेची भीती वाटते, मला त्या कागदाचीच वाटते. माझ्या घरात आता परीक्षा देणारं कुणी उरलेलं नाही, तरी तो दिसला की मी नजर वळवून जिना गाठते.

अशाच एका थंडीत मी माझ्या वडिलांना थांबायला सांगितलं होतं. त्यांना एकदा माझगावला, त्यांच्या टेकडीवर जायचं होतं. मी म्हटलं, सोहमचं बोर्ड होऊ दे, एप्रिलमध्ये जाऊ. सोहम माझा मुलगा, तेव्हा दहावीत होता. बाबा एप्रिलपर्यंत राहिले नाहीत. झालं ते एवढंच, दोन ओळींत सांगून संपतं. पण ती टेकडी काही दोन ओळींत चढता येत नाही.

बाबा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. एकोणिसाव्या वर्षी मुंबई सोडून दिल्लीला आले, एका मंत्रालयात कारकून म्हणून चिकटले आणि सेक्शन ऑफिसर होऊन बाहेर पडले. माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा, विजूचा, जन्म लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधला. वर तमिळ कुटुंब, शेजारी बंगाली, समोर सरदारजी. प्रत्येकाच्या सर्व्हिस बुकात ‘होम टाउन’ म्हणून एका गावाचं नाव लिहिलेलं असे आणि दर दोन वर्षांनी सरकार त्या गावाला जायचं भाडं देई. मे महिन्यात कॉलनी अर्धी रिकामी व्हायची. बाबांच्या पुस्तकात माझगाव होतं. आम्ही मात्र कधीच गेलो नाही. कधी बाबांना रजा नसे, कधी आईची तब्येत बरी नसे, कधी आमच्या परीक्षा आड येत. दर खेपेला कारण खरंच असायचं, त्यामुळे खोटं बोलल्याचा आळ बाबांवर कुणालाच घेता येत नसे.

त्याऐवजी दर रविवारी सकाळी बाबा आम्हाला पायी माझगावला नेत. म्हणजे क्वार्टरच्या फाटकातून बाहेर पडायचं. फाटक हे गोदीचं दार. तिथून दुधाच्या बूथपर्यंत भोंग्याचा रस्ता. उजव्या हाताला शाळेची लांब भिंत होती, ती गोदीची भिंत समजायची. “डावीकडून चला, लाकडाच्या गाड्या येतात,” असं बाबा म्हणत आणि आम्ही खरोखर डावीकडे सरकत असू. बूथपाशी वळलं की काथ्याची गल्ली. तिथे दुतर्फा दोरखंडांची दुकानं, डांबराचा वास, उन्हाळ्यात पायाला चिकटणारे काथ्याचे धागे. आमच्या त्या गल्लीत खरं तर एक इस्त्रीवाला आणि एक पंक्चरवाला होता. पण आज इतक्या वर्षांनीही मला तिथे कोळशाच्या इस्त्रीचा वास आठवत नाही, डांबराचा आठवतो.

ही नावं बाबांची. पाट्यांवर वेगळी नावं असणार, ती त्यांनी कधी सांगितली नाहीत. काथ्याच्या गल्लीनंतर बेकरीचा कोपरा, तिथे दोन मिनिटं नुसतं उभं राहून श्वास घ्यायचा. मग क्रूसाची चढण. तोंडाशी चुन्याने रंगवलेला क्रूस, दोन्ही बाजूंना लाकडी सज्जांची घरं, एका सज्जात दिवसभर कुत्र्याला रागावणारी एक म्हातारी. तिला आम्ही दर रविवारी मान वर करून बघत असू. आणि त्यानंतर एकशे बारा पायऱ्या.

दिल्ली किती सपाट आहे हे मुंबईकडून आलेल्या माणसाला विचारावं. जमिनीवर तांब्या लवंडला तर पाण्याला कुठे वाहावं ते कळू नये, इतकी सपाट. तसल्या रस्त्यावर आम्ही दोघं मुलं गुडघे छातीपर्यंत उचलून, मोठ्याने मोजत एकशे बारा पायऱ्या चढायचो. चाळिसाव्या पायरीवर नळ होता, तिथे थांबून बाटलीतलं पाणी प्यायचं. नळाला बायकांची रांग असे म्हणून आपण भिंतीला लागून उभं राहायचं. समोरचे सरदारजी स्कूटर पुसत असायचे. ते एकदा म्हणाले, “साळवी साब, बच्चों से परेड करवा रहे हो?” बाबा हसून म्हणाले, “जी, पहाड़ चढ़ रहे हैं.” विजू लाजेने लाल झाला. मला लाज वाटली नाही, कारण तोवर मला खरंच दम लागलेला असे.

पायऱ्या संपल्या की टाकीची सपाटी. आमच्या कॉलनीलाही पाण्याची टाकी होती, त्यामुळे तिथे फार सोंग करावं लागत नसे. टाकीला पाठ लावून उभं राहायचं आणि बंदर बघायचं. समोर कॉलनीतल्या लोकांच्या वाळत घातलेल्या चादरी असत. बाबा सांगत, डावीकडे नांगरलेल्या बोटी, मधून ये-जा करणाऱ्या लाँची, पलीकडे खाडीपारचे डोंगर, ओहोटी असेल तर चिखलाचा वास. विजू विचारायचा, आज किती बोटी आहेत? बाबा हवेतले आकडे सांगत नसत. थंडीचे दिवस असले की म्हणत, आज धुकं आहे रे, काही दिसत नाही.

सपाटीच्या टोकाला एक पिंपळ होता, दगडी पार असलेला. आमच्याकडे त्या जागी बागेतला कडुनिंब होता. तिथे पोचलो की बाबा पाराला हात लावत आणि म्हणत, “बस. इथून मागे.” मी एकदा विचारलं, पुढे काय आहे? पुढे एक गल्ली आहे, म्हणाले. कुणाची? “आहे कुणाची तरी,” असं म्हणून ते एवढ्या झपाझप परत निघाले की आम्हाला पळावं लागलं. घरी आई पोळ्या करत असे. ती विचारायची, काय, झाली का मुंबई फिरून? तिच्या थट्टेत नेहमी थोडी काळजी असायची. मोठी झाल्यावर मी तिलाही विचारून पाहिलं. ती म्हणाली, पिंपळाच्या पुढचं मला विचारू नकोस, त्यांनाही विचारू नकोस. आई हे पोटात ठेवूनच गेली.

आणखी एक आठवण आहे. मी सात-आठ वर्षांची असताना बाबा ऑफिसच्या कामाने चार दिवस मुंबईला गेले होते. येताना आमच्यासाठी नानकटाईचा पुडा आणला. कागदाला तूप सुटलं होतं. मी विचारलं, बेकरीच्या कोपऱ्यावरची का? बाबांनी मान हलवली. त्या रविवारी आम्ही बूट घालून दाराशी उभे राहिलो आणि ते अंथरुणातून उठलेच नाहीत. ताप नव्हता, काही नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुढच्या रविवारी पुन्हा सगळं सुरळीत सुरू झालं, म्हणून मी ते विसरून गेले.

मला चांदणी चौकातल्या गल्ल्या आजही कळत नाहीत, दर वेळी चुकते. लहानपण ज्या कॉलनीत गेलं तिथले ब्लॉकचे आकडेही आता नीट आठवत नाहीत. जे शहर पायाखाली होतं ते निसटून गेलं, आणि जिथे पाऊल टाकलं नव्हतं ते मात्र एका एका वळणासकट पाठ राहिलं. याला काय म्हणावं ते मला समजत नाही.

आता त्या थंडीबद्दल. बाबा निवृत्तीनंतर आमच्याकडे, मयूर विहारला राहायला आले होते. आई गेल्यावर त्यांची छाती धरू लागली. त्या वर्षी दिवाळीपासूनच हवा अशी झाली होती की दुपारी दोनला दिवे लावावे लागत. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की काळं होई. डॉक्टरांनी त्यांना बाहेर पाऊल टाकायला मनाई केली. मग बाबा घरातच माझगावला जाऊ लागले. पलंग म्हणजे गोदीचं दार. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत भोंग्याचा रस्ता, बोळातून काथ्याची गल्ली, हॉलच्या दाराशी क्रूस. पायऱ्या ते जागच्या जागी चढायचे, खुर्चीची पाठ धरून. सोहम टेबलावर गणितं सोडवत असायचा आणि आजोबांचे आकडे ऐकून त्याचे चुकायचे. तो चिडायचा. मी बाबांना मनात मोजायला सांगितलं. तेव्हापासून ते ओठ हलवून मोजत. बहुतेक दिवस चाळिसाव्या पायरीवर, नळापाशी, बसावंच लागे.

डिसेंबरात एकदा मी त्यांना वाफारा देत होते. टॉवेलाखालून ते म्हणाले, “सुमे, मला एकदा माझगावला नेशील?” सगळ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, सोहमचं बोर्ड होऊ दे बाबा, एप्रिलमध्ये आरामात जाऊ, तोवर हवाही सुधारेल. टॉवेल बाजूला करून त्यांनी मान डोलावली. परीक्षेचं आधी, बरोबर आहे, म्हणाले. नियमाची गोष्ट त्यांना कधी समजावून सांगावी लागत नसे. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्री-बोर्डच्या गणिताच्या पेपराची सकाळ. बाहेर धुकं इतकं की समोरची इमारत नाहीशी झालेली. सोहमची कंपासपेटी सापडत नव्हती. मी उशा उलथत होते, सोहम माझ्यावर ओरडत होता, मी त्याच्यावर. त्या गोंधळात बाबा हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी आलेले मला दिसले. खुर्ची सोडून, भिंत सोडून, कशालाही न धरता उभे होते. चेहरा घामाने डबडबलेला, पण टवटवीत. म्हणाले, “सुमे, आज पिंपळापर्यंत आलो.” मी बरं म्हटलं आणि सोफ्याखाली वाकले. मग त्यांनी विचारलं, “पुढे जाऊ का?”

मी वर न बघता म्हणाले, “बाबा, बसा आता जरा.”

ते बसले. कंपासपेटी दप्तरातच निघाली. सोहमला शाळेत सोडून मी परत आले तेव्हा ते त्याच खुर्चीत, बाल्कनीकडे तोंड करून होते. चहा गार झाला होता. मी हाक मारली, मग जवळ गेले.

फेब्रुवारीत पेन्शनचे कागद लावायला मी त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. सगळं जिथल्या तिथे होतं, फाइलींना हिरव्या दोऱ्या ओवलेल्या. तळाशी एक पातळ फाइल होती. तिच्यात पहिला कागद क्वार्टरच्या अर्जाची नक्कल. त्यात बरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांचा रकाना होता आणि त्यात बाबांच्या सुबक अक्षरात एकच नाव होतं. मधुकर, धाकटा भाऊ, अवलंबून, अज्ञान. त्या नावावर लाल शाईची रेघ मारलेली होती आणि समासात लिहिलं होतं, सज्ञान झाला. खाली बाबांचीच छोटी सही. मला काका आहे हे मला बेचाळिसाव्या वर्षी एका खोडलेल्या नावावरून कळलं.

बाकीचे कागद, म्हणजे अर्जांच्या आणि मधूला पाठवलेल्या पत्रांच्या नकला, वाचायला मला एक दुपार लागली. आई-वडील नसलेली ही दोन भावंडं टेकडीवर एका मावशीच्या घरी वाढली. बाबा दिल्लीला निघाले तेव्हा मधूला सांगून आले होते की क्वार्टर मिळालं की तुला बोलावून घेतो. क्वार्टरच्या यादीत नंबर लागायला वर्षं गेली. नंबर लागला त्याच्या महिनाभर आधी मधू अठरा वर्षांचा झाला. सज्ञान भाऊ कागदोपत्री कुटुंबात बसत नाही, म्हणून बाबांनी आपल्या हाताने नाव खोडलं. त्यांना तसं कुणीही सांगितलं नव्हतं. त्या काळी कॉलनीत तपासणी व्हायची. क्वार्टरमध्ये पोटभाडेकरू ठेवलाय अशी कुणी तक्रार केली तर घर जाई, नोकरीवरही बालंट येई. आपला सख्खा भाऊ आपल्याकडे राहायला आला तर ते नियमात बसतं का, हे विचारणारा अर्ज बाबांनी रीतसर वरच्या कार्यालयाला पाठवला. आणि मधूला लिहिलं, उत्तर येईपर्यंत थांब.

कार्यालयाकडून काही येईना. बाबांना स्मरणपत्र पाठवायचं धाडस झालं नाही, विचारणं उद्धटपणाचं दिसेल म्हणून. मधूने काही महिने वाट पाहिली. मग तो बंदरात माल उतरवायच्या कामाला लागला. फाइलीत पुढे एक पोस्टकार्ड होतं, कुणा तिसऱ्याच्याच अक्षरात. पेटी घसरून मधूचा उजवा पाय चिरडला, गुडघ्याखाली कापावा लागला, असं त्यात लिहिलं होतं. त्यानंतर शेवटचा कागद. कार्यालयाचं उत्तर, अर्जानंतर दीड वर्षाने आलेलं. इंग्रजीत एकच ओळ होती. अशा बाबतीत परवानगीची आवश्यकता नाही.

मला बाबांचा राग आला. इतका राग मला त्यांच्यावर जिवंतपणी कधी आला नव्हता. कुणीही न मागितलेली परवानगी मागत बसलेला हा माणूस, आणि पोराचा पाय गेला. ती फाइल घेऊन मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. आतल्या खोलीत सोहम इतिहास पाठ करत होता आणि मी त्याला त्रास नको म्हणून हुंदका आवरून धरला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तरी वेगळं काय करते आहे. मग रागवायला कुणी उरलं नाही.

ट्रंकेत मधूकाकाची आणखी पोस्टकार्डं होती, वर्षाला एखादं, दोन ओळींचं. मी बरा आहे. टाकीवरून बोटी दिसतात. शेवटचं सात वर्षांपूर्वीचं. त्यावर पत्ता होता. बाबा गेल्याचं पोस्टकार्डावर कळवणं मला जमेना. विजू तेव्हा नुकताच गुरुग्रामला विसाव्या मजल्यावर राहायला गेला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, “ताई, यार, सात साल पुराना पत्ता आहे. बिल्कुल बेकार आयडिया आहे. ते असतील तरी ओळखणार आहेत का तुला?” तो चुकीचं बोलत नव्हता. विजू स्वभावाने वाईट नाही, फक्त त्याला सगळं उरकायची घाई असते. त्याच्याकडे जायचं तर फाटकावर नाव सांगावं लागतं, मग गार्ड वर फोन लावतो. मागच्या दिवाळीत विजूने फोन उचलला नाही, तर मी फराळाचा डबा घेऊन वीस मिनिटं खाली उभी होते. गार्ड बिचारा पुन्हा पुन्हा सांगत होता, मॅडम, ऊपर से परमिशन नहीं आई. मला हसू आलं.

सोहमचा शेवटचा पेपर मार्चच्या अखेरीस झाला. चौथ्या दिवशी मी माझगावला होते, एकटी.

गोदीच्या दाराशी उभी राहिले आणि कुणालाही काही विचारलं नाही. भोंग्याचा रस्ता समोर होता, उजव्या हाताला ती लांब भिंत. मी डावीकडून चालू लागले. ट्रक जात होते, लाकडाच्या गाड्या कधीच गेल्या असणार, पण डावी बाजू सोडवेना. काथ्याच्या गल्लीत दोरखंडाचं एकच दुकान उरलं होतं, त्यातही निळे नायलॉनचे दोर. मी दारात उभी राहून वास घेतला. दुकानदाराने काय हवं विचारलं, मी काही नको म्हटलं. बेकरी होती. आतून तुपाचा गरम वास आला आणि माझे पाय दोन मिनिटं आपसूक थांबले. मी नानकटाईचा पुडा घेतला. क्रूस होता, त्याला आता फरशा बसवल्या होत्या. लाकडी सज्जे दोन-तीनच राहिले होते. मी मान वर करून बघितलं. सज्जात कुणी नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता, पण एकेक वळण बरोबर निघत होतं तशी माझी चाल मंदावत होती. बाबांनी काहीही रचून सांगितलं नव्हतं. म्हणजे पुढची गल्लीही खरी होती.

पायऱ्या मात्र मला भारी पडल्या. रस्ता पाठ होता, चढ कधी चढले नव्हते. चाळिशी ओलांडलेली, सपाट शहरात वाढलेली बाई मी, नळापाशी पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिथे हंडा भरणाऱ्या बाईने मला बसायला दगड दाखवला. माझ्या मोजणीने तो नळ सदतिसाव्या पायरीवर होता. बाबा मोजण्यात चुकणं शक्य नव्हतं. मी तिला विचारलं तर ती म्हणाली, खालचा रस्ता दर वेळी वर चढवतात ना, तीन पायऱ्या गेल्या गाडल्या. मला उगाच बरं वाटलं.

टाकीची सपाटी. बागेला रेलिंग घातलेलं, बाकं टाकलेली. समोर खरंच बंदर होतं. नांगरलेल्या बोटी, क्रेनचे लोखंडी हात, पलीकडचे डोंगर, खालून येणारा चिखलाचा वास. मी बोटी मोजल्या. अकरा होत्या. विजूला सांगावं असं वाटलं, पण फोन केला नाही.

पिंपळ होता. पारावर कुणीतरी चादर वाळत टाकावी तसं पसरून झोपलं होतं. मी पाराला हात लावला. इथून मागे. सगळं अंग म्हणत होतं, इथून मागे. लहानपणीच्या किती रविवारांची सवय ती. मी पाऊल उचललं तेव्हा ते पायरी चढावी तसं गुडघ्यापासून उंच उचललं गेलं, आणि पुढची आठ-दहा पावलंही तशीच पडली.

गल्ली लहान होती. साठ पावलांची असेल नसेल. डावीकडे तीन बैठी घरं. तिसऱ्याची खिडकी थेट पिंपळाकडे उघडणारी. खिडकीत एक म्हातारा माणूस मासेमारीचं जाळं मांडीवर घेऊन सुईने शिवत बसला होता. शेजारी कुबडी टेकवलेली. मी पोचायच्या आधीपासून तो माझ्याकडे बघत होता. बाबांचंच कपाळ, बाबांचेच कान.

“दादाच्या पत्रातली सुमन ना तू,” तो म्हणाला. “लांबून वाटलं, दादाच आला. पाय उचलायची तऱ्हा तीच.”

मी आत गेले, पाया पडले. पुडा ठेवला. काकांनी त्याचा वास घेतला आणि तो न सोडता बाजूला ठेवला. मी मनात वाक्य जुळवून आले होते. दिल्लीपासून जुळवत होते. ते तोंडातून काढणार एवढ्यात काकांनी खिडकीबाहेर मान करून विचारलं, “तो खाली थांबलाय ना? पिंपळाआड?”

हो, असं माझ्या तोंडून गेलं. कसं गेलं, मला आजही सांगता येत नाही.

काकांना त्याचं नवल वाटलं नाही. मागे एकदा असाच आला होता, म्हणाले. तेव्हाही ते कुबडीमुळे फारसे बाहेर पडत नसत, दिवसभर याच खिडकीत असत. दादा पाराजवळ तासभर उभा होता, हातात बेकरीचा पुडा. ते इथून त्याला बघत होते. जाळ्याची गाठ मारत काका सावकाश बोलत होते, कुणा शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं. “हाक मारली असती तर आला असता. मी मारली नाही. राग होता माझ्या मनात. आणि वाटलं, एवढं चढून आलाय तर येईलच.” मग तो वळून गेला. खाली उतरताना बराच वेळ त्याचं डोकं दिसत होतं.

माझ्या पर्समध्ये कार्यालयाचा तो एका ओळीचा कागद होता. काकांना दाखवायला आणला होता, दादाने निदान विचारलं तरी होतं, हे त्यांना कळावं म्हणून. माझा हात पर्सवर होता आणि तिथेच राहिला.

काकांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. “जा, घेऊन ये त्याला,” ते म्हणाले. “म्हणावं, वर ये. इथे यायला परवानगी लागत नाही.”

मी उठले. दारातून बाहेर पडले आणि साठ पावलं परत पिंपळापर्यंत आले. पारावरचा माणूस उठून गेला होता. पाठीमागे खिडकीतून काका बघत असणार हे मला माहीत होतं, म्हणून मी पाराकडे तोंड करून उभी राहिले, कुणाशी बोलत असल्यासारखी. खालून बंदराचा भोंगा झाला. बाबांनी सांगितला होता तसाच, लांब आणि घोगरा.

“बाबा,” मी म्हटलं, “जा पुढे.”

मग मी तोंड पुसलं आणि एकटीच परत गल्लीत वळले. काकांना आता खरं सांगायचं होतं.